मिठाच्या पाकिटावर तारीख टाका

"मीठ कमी केलंय ना?" हा प्रश्न बीपीच्या पेशंटला विचारणं आपण सगळ्यांनी सोडून द्यावं, असं माझं मत आता पक्कं झालंय. मी आहारतज्ज्ञ, सांगली-मिरजेकडे ओपीडीत बसते. या प्रश्नाला "नाही" असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. "हो मॅडम, एकदम कमी." झालं! केसपेपरवर पथ्य पाळतात अशी नोंद होते, आणि पुढच्या खेपेला बीपी चढलेलं दिसलं की गोळी वाढते.

माणसं खोटं बोलतात असं नाही, त्यांना खरंच तसं वाटतं. परवा एका काकांना आदल्या दिवसाचं खाणं विचारलं. सकाळी? "काही नाही, चहा." चहाबरोबर? "दोन खारी." दुपारी? "पिठलं-भाकरी, जरासा खर्डा." संध्याकाळी? "काही नाही, मूठभर भडंग." रात्री आमटी-भात आणि पापड. पापड भाजलेला होता, तळलेला नव्हे, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. तेल वाचलं खरं, मीठ होतं तिथंच राहिलं. पण काका ताटात वाढलेल्या मिठाला हात लावत नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी मीठ बंद.

यासाठी प्रश्नावल्याही आहेत. हिल-बोन नावाची 14 प्रश्नांची एक जगभर वापरतात, अमेरिकेत तयार झालेली. त्यातले बहुतेक प्रश्न गोळ्यांचे, मिठाचे अगदी मोजके: खारट पदार्थ किती वेळा खाता, जेवताना वरून मीठ किती वेळा घालता, फास्ट फूड किती वेळा खाता. आमचे काका यात झकास मार्कांनी पास होतील. आपल्याकडे मीठ वरून पडतच नाही हो! ते पिठात, फोडणीच्या भाजीत, आमटीत, कांदा-लसूण चटणीत आधीच गेलेलं असतं, आणि ते घालणारा हात पेशंटचा नसतो. पुरुष पेशंटला मिठाचं प्रमाण विचारणं म्हणजे बसमधल्या प्रवाशाला डिझेल किती लागलं विचारण्यासारखं आहे. शेजारी काकू बसलेल्या असतात, त्यांना कुणी विचारत नाही. विचारलंच तर तक्रारीच्या सुरात: "तुम्ही मीठ कमी घालत नाही का?" असा प्रश्न केल्यावर कोण खरं सांगेल?

खरं मोजमाप चोवीस तासांच्या लघवीचं. मिठातून पोटात गेलेल्या सोडियमपैकी साधारण 90 टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे कुणाच्या आठवणीवर भिस्त नाही. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. सांगायला सोपं आहे. रानात गेलेला माणूस कॅन बरोबर नेत नाही, लग्नाला गेलेला तर नाहीच नाही. मग अर्धवट कॅन लॅबमध्ये पोचतो, सोडियम कमी येतं आणि घरचे खूश होतात. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही बघायचं, म्हणजे स्नायूंमधून रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीत येणारा पदार्थ. ते माणसाच्या वजनाच्या मानाने फारच कमी आलं तर समजायचं, मधली लघवी गाळलीय. नमुना पूर्ण असेल तर हिशेब सरळ आहे: 1 ग्रॅम मिठात सुमारे 17 मिलिमोल (लॅबचं मोजायचं एकक) सोडियम. रिपोर्टात 170 आलं तर 17 ने भागा, 10 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत.

यातही गोम आहेच. कॅनच्या दिवशी घरात अळणी स्वयंपाक होतो! शिवाय रोजचं मीठ वरखाली होत असतं, एका दिवसावरून माणसाची सवय कळत नाही. अशी तपासणी पुन्हा पुन्हा करायला कोण तयार होणार? एकाच वेळच्या लघवीवरून दिवसभराचा अंदाज काढायची सूत्रं आहेत, पण ती मोठ्या समूहाची सरासरी काढण्यापुरती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017-18 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात याच पद्धतीने सरासरी 8 ग्रॅम मीठ निघालं, पुरुषांचं 8.9, बायकांचं 7.1. एकट्या काकांसाठी ती सूत्रं भरवशाची नाहीत. आणि बीपी उतरलं म्हणजे पथ्य पाळलं, हेही खरं नाही. ती करामत गोळीचीही असू शकते.

मग मी काय करते? पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनने तारीख लिहा, असं सांगते, आणि तेही काकूंना. घरात चार माणसं आणि किलोचं पाकीट महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला 8 ग्रॅमच्या वर मीठ लागतंय. 5 ग्रॅमवर यायचं तर तेच पाकीट 50 दिवस पुरायला हवं. गरीब-श्रीमंत कुणालाही जमतं, लॅब नको, आणि पेशंटची उलटतपासणीही नको. पाश्चात्त्य देशांत हे चालणार नाही, तिथलं बरंचसं मीठ ब्रेड, चीज, पाकिटातल्या अन्नातून येतं. आपल्याकडे अजून तरी बहुतेक मीठ घरच्या डब्यातूनच जातं. बाहेरचं खाणं यात धरलेलं नाही हे मान्य, ते वेगळं विचारावंच लागतं.

दुसरा फायदा असा की हिशेब एकट्या पेशंटचा न राहता घराचा होतो. एका माणसासाठी वेगळी आमटी चार दिवस होते, पाचव्या दिवशी बंद पडते. सगळ्यांचंच मीठ थोडं थोडं कमी करत गेलं तर काही आठवड्यांत जिभा सरावतात.

करून बघणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. लोणच्या-सांडग्यांच्या दिवसांत साठवणाचं मीठ वेगळ्या पाकिटातून घ्या, नाहीतर हिशेब कोलमडेल. पोटॅशियम असलेलं "लो सोडियम" मीठ मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि "आम्ही तर सैंधव वापरतो" म्हणणाऱ्यांनी त्या पाकिटावरही तारीख टाका. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे.