जे. जे. घराण्याची पदवी: ‘भारतातले पहिले लॉर्ड’ हे खरे नव्हे

‘सर जमशेटजी जीजीभॉय हे भारतातले पहिले लॉर्ड, १८५७ च्या उठावात साथ दिली म्हणून इंग्रजांनी त्यांना ही पदवी आणि पिढीजात जहागीर बहाल केली,’ असा मजकूर बराच फिरतो आहे. त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

मुंबईचे व्यापारी असलेल्या जमशेटजींना मिळालेली पदवी बॅरोनेटची होती. ती बापाकडून मुलाकडे जाते आणि धारकाच्या नावामागे ‘सर’ लागते, पण ती उमरावपदात, म्हणजे लॉर्डपदात मोडत नाही. बॅरोनेटचा दर्जा बॅरनच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या उमरावाच्याही खालचा असून त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) जागा नसते. लॉर्ड होण्याचा मान मिळालेले पहिले भारतीय सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, आणि तेही १९१९ साली. जमशेटजी पहिले भारतीय बॅरोनेट होते, आणि तेवढे म्हणणे पुरेसे आहे.

उठावाचा मुद्दा थोडा नाजूक आहे, कारण पदवी ऑगस्ट १८५७ मधली आहे आणि जमशेटजी इंग्रजनिष्ठ होते हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांना नाइट केले होते, म्हणजे त्यांच्यापुरती ‘सर’ ही पदवी दिली होती, १८४२ साली, म्हणजे उठावाच्या पंधरा वर्षे आधी. त्यांच्या नावाचे रुग्णालय १८४५ चे. त्याच वर्षी खुला झालेला माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून उभा राहिला. सरकारदरबारी त्यांचे वजन होते ते या दानधर्मामुळे आणि चीनशी चाललेल्या व्यापारामुळे. त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हे मात्र असे मजकूर सोयीस्करपणे गाळतात. माझ्या मते राजनिष्ठेवर बोट ठेवण्याआधी अफूवर ठेवायला हवे होते.

जहागिरीची गोष्ट तर नेमकी उलटी आहे. पदवीबरोबर सरकारने जमीन दिली नाही, उलट पदवीधारकाला इतमामाने राहता यावे यासाठी घराण्यालाच स्वतःची संपत्ती अडकवून ठेवावी लागली. १८६० साली हिंदुस्थान सरकारने त्यासाठी खास कायदा केला आणि दुसऱ्या बॅरोनेटने पंचवीस लाख रुपयांचा निधी पदवीधारकांच्या नावे कायमचा बांधून दिला.

याच कायद्यातली आणखी एक अट बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ आहे: जो कोणी पदवीवर येईल त्याने आपले नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव धारण करायचे. त्यामुळे थोरला मुलगा खरशेटजी वडिलांच्या पश्चात सर जमशेटजी झाला, आणि पुढचे वारसही तेच नाव घेत गेले. पहिले जमशेटजी एप्रिल १८५९ मध्ये वारले. साहजिकच १८६० ते १८७७ या काळातल्या एखाद्या सभेच्या वृत्तांतात ‘सर जमशेटजी’ भेटले, तर ते त्यांचे चिरंजीव समजावेत.