२७ ऑगस्टला दोन चंद्र कसे दाखवावेत

फॅमिली ग्रुपवर मान हवा असेल तर सकाळी दात घासायच्या आधी एक "तुम्हाला माहीत आहे का?" टाकायचं, हे आता सगळ्यांना कळलंय. पण त्याचीही एक पद्धत असते बाबांनो, उगाच आपलं कॉपी-पेस्ट करून भागत नाही. मी आमच्या चुलत सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या हाताखाली बरीच वर्षं काढलीत, म्हणून चार गोष्टी सांगते.

सुरुवात कायम नासापासून करा. नासा तसं म्हणाली नसेना का, ती थोडीच तुमच्या ग्रुपवर आहे! विषय भारताचा असेल तर युनेस्को. आपलं राष्ट्रगीत जगात बेस्ट ठरवून ठरवून युनेस्को दमली असेल, तुम्ही दमू नका.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे दर दोन महिन्यांनी टाका. चीनचाच यांग लिवेई २००३ साली अवकाशात जाऊन आला आणि भिंत काही दिसली नाही म्हणाला, तेही चंद्र राहिला लांब, जेमतेम साडेतीनशे किलोमीटरवरून, पण त्याचं काय ऐकायचं, तो नुसता जाऊन आलाय.

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक रेज येणार, मोबाईल लांब ठेवा" हा मेसेज रात्री पाऊण वाजता पाठवा.

खरी माहिती मात्र शक्यतो टाळा, तिला गिऱ्हाईक नाही. मी एकदा हौसेने टाकलं होतं की शुक्रावर एक वर्ष २२५ दिवसांचं असतं आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला त्याला २४३ दिवस लागतात. एका मामेदिरांनी विचारलं "मग पगार कधी होतो?" आणि त्याखाली गुलाबाचं फूल, शुभ सकाळ. लोणारचंही तेच. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा "पृथ्वीचा अंत जवळ" असं आमच्याकडे तीन दिवस चाललं होतं. नंतर पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून सांगितलं, की बाबांनो पाणी आटून क्षार वाढलेत, अशा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजलेत आणि हा त्यांचा रंग आहे. उल्का पडून झालेलं विवर, तेही बेसॉल्टमध्ये, आपल्या बुलढाण्यात, जगात अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यात गुलाबी पाणी! एवढी भारी गोष्ट एकानेही फॉरवर्ड केली नाही. बरोबर आहे, आघारकर पुण्यात आहे, नासात नाही.

आता मुख्य धडा, मंगळाचा. "२७ ऑगस्टला रात्री साडेबारा वाजता आकाशात दोन चंद्र दिसणार, मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा होणार, पुन्हा हा योग नाही." पुन्हा नाही म्हणून दरवर्षी पाठवायचा. मागच्या गणपतीत, २०२५ ला, २७ ऑगस्टलाच चतुर्थी आली. मी पहाटे चारला उठून उकड काढलेली, मोदक, नैवेद्य, दिवसभर येणारे-जाणारे, रात्री अकराला ओटा धुवून पाठ टेकली तर साडेबाराला अण्णा दार वाजवतायत, चला गच्चीवर. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. सासूबाईंचे गुडघे म्हणजे काय ते मी सांगायला नको, त्यांनाही दोन मजले चढवलं. वॉचमनला उठवून किल्ली घेतली. वर पाऊस भुरभुरतोय, ढग असे की समोरच्या टॉवरचे वरचे मजले दिसेनात, आणि आम्ही अकरा माणसं छत्र्या धरून वर बघतोय. त्यातली कमाल ऐका, हेच अण्णा संध्याकाळी पोरांना ओरडत होते, आज चतुर्थी, चंद्राकडे बघू नका, चोरीचा आळ येतो, स्यमंतक मण्याची गोष्टसुद्धा सांगून झाली. एक चंद्र बघायचा नाही आणि रात्री दोन बघायला गच्चीवर!

वीस मिनिटांनी अण्णा म्हणाले, "ढगांमुळे हुकलं. पुढच्या वर्षी."

ढगांमुळे?? अण्णा, मंगळ त्या दिवशी सूर्यानंतर दोनेक तासांत मावळला होता. चतुर्थीचा चंद्रही त्याच्यामागोमाग गेलेला. साडेबाराला दोन सोडा, वर एकही चंद्र नव्हता, ढग नसते तरी नसता दिसला! हे सगळं निघालं कुठून, तर २००३ च्या एका इंग्रजी ईमेलमधून. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरंच जवळ आला होता, ५ कोटी ५८ लाख किलोमीटर, जवळजवळ ६० हजार वर्षांत आला नव्हता इतका. त्यात लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. हिशोब चोख आहे. पण वाक्य मध्येच तुटून दोन ओळींत गेलं, कुणीतरी पहिली ओळ सोडून दुसरीच वाचली, दुर्बीण गेली आणि चंद्र राहिला. बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत एकाला वाटलं नाही, की मंगळ पृथ्वीजवळ साधारण २६ महिन्यांनी येतो तर दरवर्षी त्याच तारखेला कसा येईल, तो काय आमचा बर्थडे आहे का?

आणि वर, "अगं चांगल्या भावनेने पाठवलं, खोटं असलं तरी काय बिघडलं?" बिघडलं! सासूबाई दोन दिवस जिना उतरल्या नाहीत, बिघडलं. पोराने विचारलं, "आई, मंगळ खोटा असतो का?" तेव्हा बिघडलं. हातात पाच इंचाचा फोन आहे, आकाश दाखवणारी ॲप फुकट आहेत, पाठवायच्या आधी दोन मिनिटं बघायला हात झडतात का तुमचे? पेन्शनचा रुपया इकडचा तिकडे झाला तर बँकेत जाऊन तीन खिडक्या फिरता, आणि अख्खा ग्रह चंद्राएवढा होतोय तर एक प्रश्न नाही पडत? वयाचा मान ठेवते म्हणून ग्रुपवर बोलत नाही, इथे बोलते. मंगळ बघायचाय ना? फेब्रुवारी २०२७ मध्ये येतोय जवळ, लाल ठिपक्याएवढाच दिसेल, स्वच्छ आकाश असेल, मी चहा करून आणते, या सगळे.

२७ ऑगस्टला मात्र कोणी दार वाजवायचं नाही. गच्चीची किल्ली मी सेक्रेटरींना सांगून माझ्याकडे घेतली आहे.