घर वाढवताना माजघर वाचवा

दिवाळीनंतर आमच्या घराचं काम काढायचं ठरलंय आणि घरात दोन पक्ष पडलेत. पुण्याचे भाऊजी म्हणतात, सगळं पाडा आणि खालून वर स्लॅबचं घर उभं करा. मी आणि सासूबाई म्हणतो, माजघर, देवघर आणि पुढची छपरी राहू द्या, वाढवायचं ते मागच्या आवारात वाढवू. आमच्या गल्लीतली मातीची घरं एकेक करून पडत चालली आहेत, म्हणून आमची बाजू इथं सविस्तर मांडते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. घर आजेसासऱ्यांच्या वेळचं. पांढरीच्या मातीत कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, तुडवून घातलेल्या दीड-दोन फुटी भिंती, सागवानी खांब, त्यांवर मयाल (आडवी तुळई), वर फाटे आणि देशी कवेलू, म्हणजे कौलं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ओलांडतो. अशा दुपारी माजघरात सारवलेल्या जमिनीवर चटई टाकली की पंख्यावर भागतं. जाड मातीची भिंत सावकाश तापते, बाहेरचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत सांज होते. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग खाली सोडत बसतो. नवीन घरं बांधलेली माणसं उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपतात आणि कूलर आत रिकाम्या खोलीत फिरत असतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

पाडायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी घर तपासून घ्या. आम्ही गावातल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्यांनी हातोडीनं प्रत्येक खांब बुडापासून ठोकत नेला. खणखणीत आवाज आला की पुढं. देवघराजवळच्या खांबाला बद्द आवाज आला, तिथं त्यांनी पटाशी लावली तर भुसा निघाला. "हा एक खांब बुडातून फूटभर उधईनं खाल्ला बाई, बाकीचं लोखंड हाय. काहून पाडता? असं सागवान आता भेटत नाही." तो खांब टेकू देऊन खालून कापायचा, नवा सागवानी तुकडा जोडायचा आणि दगडी उथळ्यावर उभा करायचा. उपाय एवढाच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेलं ते आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं. त्याच जातीचं लाकूड आपण घर पाडून भंगारवाल्याच्या गाडीत भरून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

भाऊजींचा एक मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ते किल्लारीच्या भूकंपाची आठवण काढतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथं दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची जड छतं माणसांवर कोसळली. म्हणून मातीचं प्रत्येक घर वाचवाच, असं मी म्हणत नाही. आमच्या घराला वरून जड माळवद (मातीचं सपाट छत) नाही, सागवानी सांगाडा आहे. तरी स्वयंपाकघराची मागची भिंत पोट काढून बाहेर आली आहे. ती उतरवायचीच आहे. बाकीच्या भिंती इंजिनीअरला दाखवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हे आम्ही भाऊजींशी बोलून पक्कं केलंय.

माझा खरा विरोध आहे तो अर्धवट कामाला. लोक जुन्या मातीच्या भिंती ठेवतात आणि त्यांवर स्लॅब टाकतात. ते वजन त्या भिंतीचं नव्हेच. दुसरं म्हणजे जुन्या भिंतीला लागून नवी खोली बांधतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नवा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावाच लागतो. पण जुन्या भिंतीला खेटून एवढा खड्डा खणला तर तिच्या बुडातली माती सुटते. शिवाय जुनं घर कधीचंच बसलेलं असतं आणि नवं पुढची काही वर्षं बसत राहतं. दोघांना जोडलं की सांध्यात चीर पडणारच. म्हणून आमच्या नकाशात जुन्या आणि नव्या घरात चार फुटांचा बोळ आहे, वर हलकं टिनाचं छप्पर, आणि दोन्हीकडच्या पाण्याला स्वतंत्र पन्हाळ.

आणि कृपा करून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत खालून ओल ओढते आणि अंगावरून वाळत राहते. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते. काही पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पडताना भिंतीची मातीही सोबत घेऊन जातो. चुना किंवा कुटार-शेण घातलेल्या मातीचा गिलावाच तिला मानवतो. याच कारणानं संडास-न्हाणी माजघराच्या भिंतीला लागून नको, मागं नव्या पायावर हवी. माती टिकते का, असं विचारणाऱ्यांनी सेवाग्रामला बापूकुटी बघून यावी. गांधीजी सेवाग्रामला १९३६ साली राहायला आले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची ती कुटी देखभालीच्या जोरावर अजून उभी आहे.

मागच्या आवारात काय बांधायचं, यावर मी अडून बसले आहे. सगळ्यात आधी कापसाची खोली. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा आणि त्याच खोलीत पोरांनी झोपायचं, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघते. अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं आणि जुन्या वायरिंगची ठिणगी पडण्याची भीती वेगळीच. सासूबाईंना रात्री चिखलातून संडासला जावं लागू नये, हे त्यानंतर. पाहुण्यांची खोली सगळ्यात शेवटी. घर वर्षभर जे राहतात त्यांच्या सोयीनं व्हावं, आठ दिवस सुट्टीला येणाऱ्यांच्या सोयीनं नाही. भाऊजींना मी हे तोंडावर सांगितलंय आणि त्यांना ते पटलंही.

कागदांचंही बघून ठेवा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, कुणाकुणाची नावं आहेत ते तपासा, सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणींनाही विचारा. गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून त्यावरची हद्द जागेवर पडताळा.

आमचा पाया दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायचा आहे, कारण वेचणी भरात आली की मजूर मिळत नाहीत आणि एप्रिलनंतर भिंतींवर मारायला पाणी नसतं. मृगाच्या आधी वर छप्पर पाहिजेच. अडलंय ते कवेलूंपाशी. वानरांनी निम्मे फोडलेत आणि आमच्या भागात देशी कवेलू भाजणारं कुणी उरलेलं नाही. आर्वी, देवळी, हिंगणघाटकडं कुणी कुंभार अजून भट्टी लावत असेल, किंवा चुन्याचा गिलावा येणारा मिस्त्री माहीत असेल, तर मला कळवा. आणि कुणाचं घर पडत असेल तर कवेलू खड्ड्यात टाकू नका, आम्ही ट्रॅक्टर घेऊन येतो आणि योग्य पैसे देऊन नेतो.