सगळं घर वरच्या मजल्यावर

नागपुरात घराचा नकाशा काढून घ्यायला येणारी मंडळी हल्ली प्लॉटचे कागद नंतर काढतात, आधी मोबाइल काढतात. त्यात एक फोटो असतो. लांबलचक बसकं घर, उतरतं छप्पर, समोर लॉन आणि लॉनवर झोपलेला एक सोनेरी कुत्रा. "असं पाहिजे भाऊ. जिना नको, आईचे गुडघे गेले. एकच मजला, रँच स्टाइल." प्लॉट बेसा रोडला, साइज ३० बाय ५०. कुत्रा नक्की बसेल. घराचं मोजून पाहावं लागेल.

समजा समोर १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५-५ फूट मोकळे सोडायचे. (नेमका आकडा प्लॉटवर आणि समोरच्या रस्त्यावर ठरतो, पण तोंडी हिशेबाला हा बरा.) ३० तून १० गेले, उरले २०. ५० तून १५ गेले, उरले ३५. म्हणजे ७०० चौरस फूट. त्यातले ८० फूट बाहेरच्या ९ इंची भिंतीच खातात. उरलेल्या ६२० फुटांत तीन बेडरूम, ओपन किचन, गॅरेज, आणि कागद गुंडाळता गुंडाळता आठवलेली देवाची खोली. शिवाय फोटोतल्या घराची लांब बाजू रस्त्याकडे असते, इथे रस्त्याला लागते ती २० फुटांची आखूड बाजू. बाकी सगळं मागे मागे जातं. तयार होतो तो मोतीबागच्या संग्रहालयातला नॅरोगेजचा डबा. बेडरूममधून किचनमध्ये जायचं तर मधल्या प्रवाशांना "जरा सरका" म्हणत जावं लागतं.

दोन प्लॉट शेजारी जोडले, म्हणजे ६० बाय ५०, तर ५० बाय ३५ ची जागा हाती येते आणि १६०० फुटांचं घर ऐसपैस बसतं. एवढी जमीन असलेल्यांनीच पुढचं वाचावं. बाकीच्यांनी आईसाठी खाली एक बेडरूम-बाथरूम काढावी आणि जिना चढावा.

ही रँच घरं कॅलिफोर्नियातली. रीतसर आर्किटेक्चर न शिकलेल्या क्लिफ मे नावाच्या गृहस्थाने १९३० च्या दशकात सान डिएगोत ती बांधायला सुरुवात केली आणि १९५० च्या दशकात अमेरिकेच्या उपनगरांत त्यांचं पेव फुटलं. मूळ कल्पना जुन्या स्पॅनिश घरांची: मधे चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीला लागून खोल्या. आपण नागपूरच्या महाल भागातले वाडे पाडून फ्लॅट बांधले, आणि आता तोच चौक कॅलिफोर्नियातून मागवतो आहोत. असो. मागवा. पण येताना तिथली हवा येत नाही.

आता मुद्द्याचं. नागपुरात भाड्याने घर पाहणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? "वर कोणी आहे ना?" म्हणजे आपल्या डोक्यावर अजून एक मजला आहे ना. शेवटच्या मजल्याचं भाडं कमी का, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रँच घराचं वैशिष्ट्य असं, की त्यात सगळं घर वरच्या मजल्यावर असतं. १६०० फूट घर दोन मजल्यांत बांधलं तर उन्हात ८०० फूट स्लॅब तापतो. एका मजल्यात बांधलं तर पूर्ण १६००. ज्या गावाने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले, त्या गावात माणूस स्वतःच्या पैशाने स्लॅब दुप्पट करून घेतो.

५ इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री जेवणं झाली की ते खाली सोडायला लागतो. पंखा तीच हवा वरून उचलून अंगावर घालतो. वेग पाचवर नेला तर गरम हवा फक्त लवकर येते.

"पण आपलं छप्पर तर उतरतं आहे ना?" हो. गडबड तिथेच आहे. मूळ रँच घरात उतरत्या छपराखाली पोकळी असते, ओरीखालून (भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेखालून) हवा आत शिरते आणि वरून निघते. ऊन छपरापर्यंत येतं, छतापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे काय होतं, तर आरसीसीचा स्लॅबच तिरपा ओततात आणि त्यावर सिमेंटने लाल टाइल चिकटवतात. पोकळी गायब. उरतो तो तिरपा तवा. बरं, खरे कवेलू, म्हणजे कौलं, घालावेत, तर त्यांना साधारण ३० अंशांचा उतार लागतो आणि रँचचं छप्पर १८ अंशांच्या आसपास, म्हणजे १२ फुटांत ४ फूट चढ. एवढ्या चपट्या उतारावर पावसाचं पाणी कवेलूखालून उलटं चढतं आणि दिवाणखान्यात उतरतं.

करायचंच असेल तर असं करा. खाली साधा सपाट स्लॅब टाका. त्याला ८ फुटांत १ इंच असा कोब्याचा उतार द्या, वर तुटक्या पांढऱ्या टाइलचं चायना मोझॅक करा, आणि दर ४००-५०० चौरस फुटांना पावसाचं पाणी उतरायला ४ इंची पाइप सोडा, म्हणजे १६०० ला चार. मग त्याच्यावर लोखंडी सांगाडा उभारून रँचचं छप्पर चढवा, दोन्ही टोकांना जाळी ठेवून. हवा मधून वाहील, घर थंड राहील आणि फोटोही जुळेल. खर्च ऐकून मंडळी गप्प होतात. मग मार्चमध्ये स्लॅबला चुना मारायचा आणि ७ फुटांवर हिरवी जाळी ताणायची, या नागपुरी तोडग्यावर बैठक संपते. तोडगा वाईट नाही. फक्त जाळी नायलॉनच्या सुतळीने बांधू नका. सुतळी उन्हात कुजते आणि मेमधल्या वादळात तुमची जाळी शेजाऱ्याच्या आंब्यावर जाऊन बसते.

एका बाबतीत मात्र हे प्रशस्त छप्पर कामाचं. वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला वीस टक्के सांडला-उडाला म्हटलं, तरी १६०० फुटांवरून जवळपास १ लाख १९ हजार लिटर पाणी मिळतं. बोअरजवळ खड्डा करून त्यात सोडावं. बहुतेक घरांत ते रस्त्यावर सोडतात.

ओरीचंही एक गणित आहे. दक्षिणेच्या भिंतीवर २ फूट ओरी काढली तर मार्चच्या भर दुपारी ५ फूट सावली पडते, डिसेंबरमध्ये २ फूटच. म्हणजे उन्हाळ्यात खिडकी झाकलेली, थंडीत ऊन आत. सूर्याने इतकं ऐकावं अशी घरात दुसरी जागा नाही. पण हीच ओरी पश्चिमेला मेमध्ये दुपारी ४ वाजता दीड फूट सावली देते आणि ५ ला त्याहून कमी. तिथे ओरी काढणं म्हणजे चष्म्यावर टोपी घालून समोरच्या गाडीचा हेडलाइट अडवणं. पश्चिमेला उभी जाळी, वेल नाहीतर कडुनिंब पाहिजे. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, आखूड भिंत पश्चिमेला येऊ द्या, आणि तिकडे गॅरेज किंवा स्टोअर टाका. गाडीला ऊन लागलं तर ती चिडचिड करत नाही.

एवढं पटवून होतं तोच वास्तुवाले काका येतात. मालकाची बेडरूम नैर्ऋत्येला. म्हणजे दक्षिण आणि पश्चिम, दोन्ही भिंती तापणारी, घरातली सगळ्यात कडक खोली कुटुंबातल्या सगळ्यात मानाच्या माणसाला. तिथे बाथरूमही चालत नाही. मी वाद घालत नाही, कारण काकांच्याच शास्त्रात सुटका आहे: नैर्ऋत्य जड ठेवा म्हणतात. ठेवू ना! पश्चिमेची अख्खी भिंत २ फूट खोल कपाटांनी भरून टाका, खालपासून छतापर्यंत. रजया, लग्नातल्या पैठण्या, आहेरातली न उघडलेली भांडी, सगळं तिथे. ऊन आधी रजयांना लागेल, मग मालकाला. काका खूश, मालक गार.

मुलाला पश्चिमेलाच १० फुटांची काचेची सरकती दारं हवी असतात, "सनसेट दिसतो" म्हणून. सनसेट दिसतो, खरं आहे. दुपारी ३ पासून दिसतो.

ओपन किचनचा विषय निघाला की घरातल्या वहिनी गप्प होतात आणि बाकी सगळे बोलतात. रविवारी सावजीचा मसाला कढईत पडला की ओपन किचन म्हणजे काय ते सोफ्यालाही कळतं. चिमणी लावाच, ६ इंची पाइपची, आणि तिला जमेल तितकं सरळ भिंतीबाहेर काढा. प्रत्येक वळणाला तिचा दम कमी होतो, चार वळणं घेतलेली चिमणी नुसता आवाज करते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कूलर कुठे बसणार हे किचनच्या आधी ठरवा. कॅलिफोर्नियाच्या नकाशात कूलरची खिडकी नसते, म्हणून इथल्या नकाशातही विसरतात, आणि एप्रिलमध्ये नवीकोरी भिंत फोडतात.

हिशेब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि अर्धं करा, तेवढ्या सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा फेकणारा) कूलर. २४ बाय १६ चा हॉल, उंची १०, म्हणजे ३८४०. अर्धे १९२०. एवढी हवा आत घातली तर तेवढीच बाहेर जायला ४ चौरस फूट, म्हणजे २ बाय २ ची खिडकी उघडी पाहिजे. इथे लोक हमखास सगळं बंद करून कूलर लावतात आणि तासाभरात पापड मऊ पडले म्हणून कूलरवाल्याला शिव्या घालतात. कूलर हॉलच्या टोकाला आणि उघडी खिडकी किचनमध्ये ठेवली तर मसाला बाहेर जातो. उलट ठेवली तर तो बेडरूममध्ये झोपायला जातो. गॅसची ज्योत हलू नये म्हणून मधे ४ फुटांची अर्धी भिंत घाला. एवढं झालं की ते ओपन किचन राहत नाही, ओट्यामागचं स्वयंपाकघर होतं. वहिनींना पहिल्यापासून तेच हवं होतं.

जमिनीखालचं कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. जिथे काळी माती खोल आहे तिथे ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. लोकांना वाटतं, एकच मजला, हलकं घर, पाया थोडा चालेल. नेमकं उलटं आहे. जड घर फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवतं, हलकं घर ती उचलून पाहते. लांबट घराचं एक टोक उचललं, दुसरं नाही, की खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. त्या पुट्टीने बुजवल्या की पुढच्या जूनमध्ये नव्या निघतात. पाया मुरुमापर्यंत न्या, जोत्याच्या म्हणजे प्लिंथच्या बीमखाली ३ इंच पोकळी सोडा, खोल्यांत काळी माती काढून मुरूम ६-६ इंचांच्या थरांत पाणी मारून कुटा. आणि भिंतीला लागून लॉन नको, भोवती ३ फुटांचा पक्का पट्टा हवा. भिंतीशी रोज पाइप सोडणारा माणूस खालची माती फुगवत असतो, हे फोटोतल्या कुत्र्याला कोण सांगणार?

लांब घराला नळही लांब लागतात. गरम पाण्याची टाकी एका टोकाला आणि आईची बाथरूम ५० फुटांवर असेल तर पाऊण इंची पाइपात साधारण ४ लिटर पाणी थंड उभं असतं. डिसेंबरात रोज पहाटे ते बादलीत सोडायचं आणि मग आंघोळ. मेमध्ये चित्र पालटतं. गच्चीवरच्या टाकीमुळे थंडाचा नळ चटका देतो, आणि अनुभवी नागपूरकर बंद गिझरचा नळ सोडतो, कारण घरातलं त्यातल्या त्यात गार पाणी त्या १५ लिटरांतच असतं. सांडपाण्याच्या ४ इंची पाइपाला ६० फुटांत १ फूट उतार लागतो. तेव्हा रस्त्यावरचं चेंबर किती खोल आहे ते आधी झाकण उघडून पाहा, प्लिंथ झाल्यावर नव्हे.

प्लिंथ मात्र फोटोसारखी जमिनीलगत ठेवू नका. सिमेंटचा रस्ता झाला की रस्ता वर येतो, घर तिथेच राहतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या बाजूला पाणी शिरलं तेव्हा वरचा मजला असलेल्यांनी गाद्या वर नेल्या. रँचवाल्याने कुठे न्याव्यात? रस्त्यापासून ३ फूट घ्या. मग गॅरेज त्याच पातळीवर नको. ३ फूट चढायला १ ला ८ च्या उताराने २४ फुटांचा रॅम्प लागतो आणि समोर आहेत १० फूट. गॅरेज खाली ठेवा, घरात जायला पाच-सहा पायऱ्या करा. आईचे गुडघे? बाजूने कठड्याचा रॅम्प काढू, १ ला १२ चा, ३६ फूट लांब, मधे विसाव्याला सपाट जागा ठेवून. लॉन त्यात जाईल.

इथवर सगळं मान्य होतं. सही करायला पेन निघतं. तेवढ्यात आतापर्यंत कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले आजोबा म्हणतात, "बाकी ठीक आहे जी. फक्त कॉलमच्या सळया वर सोडून ठेवा दोन-दोन फूट. पोरगा पुढे वर बांधीन म्हणला तं?"

मग पाया दोन मजल्यांचाच धरावा लागतो, आणि सळया गंजू नयेत म्हणून त्यांना कच्च्या काँक्रीटचं पांघरूण. मी नकाशात लाल कवेलूंच्या छपरातून वर आलेल्या बारा सळया काढतो. मिस्त्री पाहतो आणि विचारतो, "यायच्यावर बाटल्या उलट्या घालाच्या का साहेब?"