पोल्का पोलंडची नव्हे

नाचाच्या व्हिडिओंसोबत एक मजकूर सतत फिरतो: ‘पोल्का हे पोलंडचं राष्ट्रीय लोकनृत्य. नावातच पोलंड आहे. पोलिश संगीतकार शोपँनं ती मैफलीत नेली. अकॉर्डियन हे तिचं पारंपरिक वाद्य, फुलाफुलांचं जाकीट हा तिचा राष्ट्रीय पोशाख. आणि अमेरिकेत गेलेल्या पोलिश लोकांनी ती जशीच्या तशी जपली.’ यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. शिवाय या गोंधळात पोलंडचे खरे नाच झाकले जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी नाव. पोल्का जन्मली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, १८३० च्या दशकात. तिथून प्राग, व्हिएन्ना, पॅरिस असा तिचा प्रवास झाला. नावाबद्दल दोन मतं आहेत. एक मत ‘पूल्का’ या चेक शब्दाकडे बोट दाखवतं. त्याचा अर्थ अर्धा, म्हणजे या नाचातलं झटपट अर्धं पाऊल. दुसरं मत असं, की ‘पोल्का’ म्हणजे पोलिश स्त्री, आणि १८३०–३१ मध्ये रशियाविरुद्ध उठाव करणाऱ्या पोलिश लोकांबद्दलच्या आपुलकीतून चेक लोकांनी हे नाव दिलं. दुसरं मत खरं मानलं तरी नाच चेकच राहतो. आणि नावच पुरावा धरायचं, तर पोलंडचं नाव मिरवणारा खरा पोलिश नाच ‘पोलोनेझ’ आहे. त्याच्या ‘पोलोनेज’ या फ्रेंच नावाचा अर्थच ‘पोलिश’.

‘राष्ट्रीय लोकनृत्य’ हा दावा सर्वांत जास्त चुकीचा, म्हणून इथं थोडं थांबू या. पोलंडमध्ये राष्ट्रीय मानले जाणारे नाच पाच: पोलोनेझ, माझुर, कुयावियाक, ओबेरेक आणि क्राकोव्हियाक. पोल्का त्यांत नाही. पाचांपैकी चार तीन मात्रांचे आहेत. फक्त क्राकोव्हियाक दोन मात्रांचा. पोल्काही दोन मात्रांची, त्यामुळे गफलत होते ती याच दोघांत. फरक कानाला कळतो. पोल्कात पहिल्या मात्रेच्या किंचित आधी छोटी उडी, मग पाऊल, जुळवणी, पाऊल. पुढच्या आवर्तनात हेच दुसऱ्या पायानं. उडी उंच घेतली की माणूस पहिल्या मात्रेवर उशिरा उतरतो आणि जोडीदाराला ओढत बसतो. क्राकोव्हियाकमध्ये वजन मध्येच सरकतं: आखूड, लांब, आखूड. लांब स्वर दोन मात्रांच्या सांध्यावर पसरतो, आणि त्याच्या जोडीला घोड्याच्या दौडीसारखी बाजूची पावलं आणि हवेत टाचेला टाच लावणारा ‘होउबियेत्स’ असतो.

माझुर आपल्या कानाला अवघड जातो. समेवर वजन द्यायची सवय असल्यामुळे शिकणारे पहिल्या मात्रेवर पाय आपटतात आणि माझुरचा वॉल्ट्झ होतो. माझुरचा आघात दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतो. त्याच्या धावत्या पावलांत पहिलं पाऊल लांब सरकतं, पुढची दोन आखूड. सरावासाठी आधी नाचूच नये. तीन मोजत फक्त तिसऱ्यावर टाळी द्यावी आणि ती अंगात बसली की पाय हलवावेत. पोलंडचं राष्ट्रगीत याच ठेक्यातलं आहे. युझेफ विबित्स्की यांनी ते १७९७ मध्ये इटलीत, तिथल्या पोलिश सैन्यदलासाठी लिहिलं. १९२७ मध्ये ते अधिकृत राष्ट्रगीत झालं. राष्ट्रीय नाच कोणता, याचं उत्तर शोधायला यापेक्षा चांगली जागा नाही.

शोपँनं पोल्का लिहिल्या नाहीत. त्यानं लिहिले माझुर्का, म्हणजे माझुरसारख्या नाचांवर बेतलेल्या रचना, पन्नासहून अधिक, आणि पोलोनेझ. त्याचा पहिला छापील पोलोनेझ १८१७ चा, तेव्हा तो सात वर्षांचा होता.

वाद्याचं म्हणाल, तर मध्य पोलंडच्या गावातला जुना ताफा म्हणजे व्हायोलिन, ‘बासी’ नावाचं खर्जाचं तंतुवाद्य आणि ढोल. डोंगराळ पोधालेत आणि पश्चिमेकडच्या व्येल्कोपोल्स्कात कातडी पिशवीची बॅगपाइप. अकॉर्डियनच्या घराण्यातली वाद्यं नंतर आली. फुलाफुलांच्या जाकिटाचा पोशाख क्राकोव्ह परिसरातला. मध्य पोलंडमधल्या वोविचच्या बायका रंगीत पट्ट्यांचा लोकरी घागरा घालतात, पोधालेचे पुरुष भरतकाम केलेली पांढरी लोकरी विजार. सगळ्यांना एकाच जाकिटात कोंबणं म्हणजे नऊवारी हाच सगळ्या भारताचा पोशाख म्हणण्यासारखं.

एक गोष्ट मान्य करायला हवी: पोल्का पोलंडच्या खेड्यांत पोहोचली आणि रुजलीही. आग्नेयेकडच्या झेशुव्ह भागात तर ती मनापासून नाचतात. ती परकी आहे म्हणून हलकी आहे, असं इथं कुणी म्हणत नाही.

अमेरिकेतली पोल्का मात्र ‘जशीच्या तशी’ नाही. शिकागोत पोलिश स्थलांतरितांच्या मुलांनी ती संथ केली, अकॉर्डियनच्या घराण्यातली कॉन्सर्टिना पुढे आणली. पूर्व किनाऱ्यावर ती मोठ्या वाद्यवृंदासह वेगानं वाजू लागली. ही नवी निर्मिती आहे आणि तिचा मान वेगळा. तीही एकट्या पोलिश लोकांची नव्हे: ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांत पोल्काचं पारितोषिक सुरू झालं तेव्हा १९८६ चा पहिला मान फ्रँकी यांकोव्हिक यांना मिळाला, ते स्लोव्हेनियन घराण्यातले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं पोल्काला राज्यनृत्य केलं. पोलंडनं असं कधी केलेलं नाही. २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला तो पोलोनेझ.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या स्मरणार्थ शाळेत नाच बसवायचा असेल, तर पोलोनेझ घ्यावा. पोलंडमध्ये बारावीसारख्या परीक्षेच्या सुमारे शंभर दिवस आधी होणाऱ्या समारंभाची सुरुवात विद्यार्थी यानंच करतात. मात्रेला एक अशी तीन पावलं चालायची, तिसऱ्याच्या शेवटी टेकलेल्या पायाचा गुडघा हलका वाकवायचा आणि मोकळा पाय पुढे सरकवायचा. वाकणं पहिल्या मात्रेवर आलं की रांग लंगडते. जोड्यांची संख्या चारच्या पटीत ठेवावी: पहिली जोडी उजवीकडे, दुसरी डावीकडे वळते, मागे मिळून चौघांची ओळ होते, पुढच्या फेरीत आठांची. संख्या चुकली तर शेवटची ओळ अर्धी राहते. आठांची ओळ वळताना आतल्या टोकानं जवळपास जागच्या जागी पावलं टाकावीत आणि बाहेरच्यानं लांब. नाहीतर ओळ मध्येच तुटते.