साळुंकी परकी नाही: घरटी मोडायला सांगणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

यंदाच्या वैशाखात आमच्या वाडीतल्या एका वठलेल्या माडाच्या ढोलीतून साळुंकीचे घरटे काठीने उचकून खाली पाडण्यात आले. विस्कटलेले गवत, काथ्याचे धागे आणि सापाच्या कातीचा एक तुकडा यांच्यामध्ये चार निळी अंडी फुटून पडली होती. ज्या मुलांनी हे केले ती वाईट नाहीत. आपण निसर्गाचे भले करत आहोत, अशीच त्यांची समजूत होती, आणि ती समजूत एका संदेशाने करून दिली होती. किनारपट्टीवरच्या गावोगावच्या गटांत फिरणाऱ्या त्या संदेशाचा आशय असा: साळुंकी ही जगातील सर्वांत घातक परदेशी पक्ष्यांपैकी एक आहे, तिनेच कोकणातली चिमणी संपवली, बुलबुल आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरणारे पांढरे पक्षी हेही असेच घुसखोर आहेत, म्हणून साळुंकीचे घरटे दिसेल तिथे मोडावे. यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण त्यांपैकी एक अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या सत्याच्या आधारावर बाकीचे सगळे उभे केलेले आहे.

ते अर्धे सत्य आधी घेतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या सर्वाधिक उपद्रवी अशा १०० आक्रमक परक्या जातींच्या यादीत साळुंकीचे नाव आहे. त्या यादीत पक्षी तीनच आहेत: साळुंकी, लालबुड्या बुलबुल आणि युरोपातील स्टार्लिंग. पण पहिले दोन मूळचे आपल्याकडचे आहेत आणि ते आक्रमक ठरले ते परमुलखात. १८व्या शतकात टोळांच्या बंदोबस्तासाठी साळुंकी मॉरिशसला नेली गेली, तर १८६०च्या दशकात भाजीच्या मळ्यांतील किडे खाण्यासाठी ती मेलबर्नला नेऊन सोडण्यात आली. ती तिथे स्वतःहून गेलेली नाही, माणसाने नेली. आणि ज्या भूमीतल्या ढोलींसाठी तिच्याशी झगडण्याची तिथल्या पक्ष्यांना सवय नव्हती, तिथे तिने त्यांना हुसकावले. ऑस्ट्रेलियात तिला ‘इंडियन मैना’ म्हणतात, हे नावच संदेशाला पुरेसे उत्तर आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातीची जी व्याख्या घातली, तिची पहिलीच अट ती जात मूळची भारतातील नसावी अशी आहे. साळुंकी या व्याख्येत बसूच शकत नाही.

संदेशासोबतचे, पिंजऱ्यात कोंडलेल्या साळुंक्यांचे छायाचित्र परदेशी मोहिमेतले दिसते. अशा मोहिमांतही ओळखीची गफलत होते, हे इथे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियात ‘नॉयझी मायनर’ नावाचा राखाडी रंगाचा, मध खाणाऱ्या कुळातला एक देशी पक्षी आहे. डोळ्यामागचा पिवळा डाग आणि जवळपास सारखे नाव यांमुळे लोक त्याला साळुंकी समजतात. आपल्याकडेही, घरटे मोडायला निघालेल्या किती जणांना साळुंकी आणि जंगली मैना यांतला फरक ठाऊक असेल? साळुंकीचे अंग तपकिरी, डोके काळे आणि डोळ्यामागची उघडी कातडी हळदीसारखी पिवळी असते. जंगली मैना राखाडी असते, तिच्या डोळ्याजवळ तो पिवळा पट्टा नसतो आणि चोचीच्या मुळाशी पिसांचा छोटा झुपका उभा असतो. कापणीनंतरच्या मळ्यात गुरांच्या पाठीवर बसलेली जंगली मैना नीट पाहिली, तर तिचे बुबुळ फिकट निळसर दिसते. पश्चिम भारतातील उपजातीची ही खूण आहे. ब्रिटिश पक्षीअभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३२ साली त्या उपजातीचे वर्णन केले आणि तिचे शास्त्रीय नाव आहे ‘महरट्टेन्सिस’, म्हणजे मराठी मुलखातली. उडताना दोघींच्याही पंखांवर पांढरा ठिपका चमकतो, त्यामुळे उडत्या पक्ष्यावरून निवाडा करू नये.

चिमणीविषयीचा आरोप सर्वांत जास्त लोकांना पटतो, कारण चिमणी डोळ्यांदेखत कमी झाल्याचे दुःख खरे आहे. पण साळुंकी आणि चिमणी या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या एकाच अंगणात नांदत आल्या आहेत, मग साळुंकीने आताच तिला का संपवावे? बदल झाला तो घरांत. कौलारू घराच्या वाशांच्या खोबणी, मातीच्या भिंतींतली भोके आणि ओटीवरच्या तसबिरींमागची जागा स्लॅबच्या घरात उरली नाही. परसात फरशी आली, आणि चिमणीच्या पिल्लांना ज्या मऊ किड्यांवर वाढावे लागते ते किडे तिथे मिळेनासे झाले. २०२०च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालात देशभराचा विचार करता चिमणीची संख्या साधारण स्थिर असल्याचे आणि घट मुख्यतः मोठ्या शहरांत दिसत असल्याचे नोंदवलेले आहे. ज्यांना चिमणी हवी आहे त्यांनी सव्वा इंच भोकाची लाकडी पेटी पागोळीखाली टांगावी. त्या भोकातून चिमणी जाते, साळुंकीला जाता येत नाही.

किनाऱ्यावरच्या पांढऱ्या पक्ष्यांबद्दल थोडक्यात. ते कुरव आहेत, हिवाळी पाहुणे आहेत, आणि स्थलांतर करून येणे म्हणजे घुसखोरी नव्हे. तपकिरी डोक्याचा कुरव तर लडाखच्या उंच सरोवरांवरही वीण घालतो, म्हणजे त्याला परदेशी म्हणणेही धड जमत नाही. हिवाळ्यात त्याच्या डोक्यावरचा गडद रंग ओसरून डोळ्यामागे फक्त एक डाग उरतो, म्हणून तो लोकांना पांढराच वाटतो. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले तर तो हा कुरव समजावा.

साळुंकीचा त्रास होतच नाही, असे माझे म्हणणे नाही. ती भांडखोर आहे, तांबट आणि दयाळ यांच्याशी ढोलींसाठी झगडते, आणि जिथे उघडा कचरा असतो तिथे तिची संख्या वाढते. मासळी बाजाराशेजारी गावकावळे वाढतात तेही याच कारणाने. त्यावरचा उपाय मात्र मासळीची घाण उघड्यावर न टाकणे आणि वठलेली झाडे सरपणासाठी सरसकट न तोडणे हा आहे, कारण ढोली पुरेशा असतील तर झगडा आपोआप कमी होतो. आणि खरोखरच परक्या आक्रमकांशी लढायचे असेल, तर बांधाबांधावर माजलेली रानमोडी आणि घाणेरी पुढ्यातच आहेत. त्या अमेरिका खंडातून आलेल्या आहेत आणि त्या उपटायला कोणताही कायदा आड येत नाही. साळुंकीला मात्र कायद्याचे संरक्षण आहे, आणि १९७२च्या त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना धक्का लावणे यांचाही समावेश आहे.

कोणाच्या मीटरच्या पेटीत किंवा पत्र्याखाली साळुंकीने घरटे केलेच असेल, तर थोडे थांबावे. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण साडेतीन आठवड्यांत उडून जातात. ती गेली की त्याच दिवशी घरट्यातले गवत काढून ते भोक जाळीने बंद करावे.