तो सुटा हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मायकेलअँजेलोच्या 'रोंदानिनी पिएता' या अपुऱ्या शिल्पावरच्या (मेलेल्या ख्रिस्ताला धरून उभी असलेली त्याची आई मेरी) माझ्या लेखाबद्दल तुम्ही इतकं परखडपणे लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : शिल्पकार म्हातारा झाला, वारला, काम अर्धवट राहिलं, त्यात आशय शोधणं ही लिहिणाऱ्यांची करामत. चित्र-शिल्प डोळ्यांनी बघावं, आवडलं तर आवडलं. विचार मागाहून चिकटवलेले असतात.

एक चूक आधी कबूल करतो. 'हे शिल्प त्याने मुद्दाम अपुरं ठेवलं' असं मी लिहिलं होतं. त्याला आधार नाही. १५६४च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८८व्या वर्षी तो गेला, आणि त्याच्या काही दिवस आधीपर्यंत याच दगडावर त्याची छिन्नी चालू होती. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

पण काम अर्धवट राहणं वेगळं आणि जवळपास झालेलं काम मोडणं वेगळं. शिल्पाचा फोटो पुन्हा उघडा आणि चेहरे सोडून बाजूला बघा. तिथे एक हात आहे. खांद्याशी त्याचा काही संबंध उरलेला नाही, नुसताच उभा आहे. नीट घडवलेला, पुष्ट हात. तो आधीच्या ख्रिस्ताचा आहे. त्या ख्रिस्ताचं शरीर भरदार होतं. मायकेलअँजेलोने ते फोडून काढलं आणि मागे उभ्या असलेल्या मेरीच्या वाट्याच्या दगडातून नवा, कृश ख्रिस्त कोरायला घेतला. पाय मात्र जुनेच राहिले, गुळगुळीत केलेले. वरचं अंग खडबडीत, छिन्नीच्या ओरखड्यांनी भरलेलं. आईच्याच दगडातून मुलगा काढल्यामुळे ती कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो, हे कळेनासं होतं. बाजूने पाहिलं तर मेलेला मुलगाच आईला पाठीवर घेऊन निघालाय असं वाटतं.

आता हाच विषय त्याने पंचविशीच्या आत कसा केला होता ते आठवा. व्हॅटिकनमधल्या त्या 'पिएता'त मेरीची मांडी ऐसपैस, वस्त्राच्या चुण्या खोल, ख्रिस्ताचं अंग काचेसारखं घोटलेलं, आणि मेरीच्या छातीवरच्या पट्ट्यावर शिल्पकाराचं नाव. सुंदर शरीर घडवणं ज्याला इतकं सहज जमत होतं, त्याने म्हातारपणी तेच सुंदर शरीर स्वतःच्या हाताने फोडलं. हा विचार नाही तर काय? तो माझ्या डोक्यात यायच्या साडेचारशे वर्षं आधी दगडात होता.

पिकासोच्या 'गेर्निका'चंही, म्हणजे स्पेनमधल्या गेर्निका गावावरच्या बॉम्बहल्ल्यावर त्याने काढलेल्या चित्राचंही, तसंच आहे. १९३७च्या मे-जूनमध्ये ते रंगवलं जात असताना छायाचित्रकार डोरा मार हिने टप्प्याटप्प्याने फोटो काढले. सुरुवातीच्या टप्प्यात पडलेल्या सैनिकाचा हात वर उगारलेला आहे, मूठ आवळलेली. पुढे ती मूठ गेली. पूर्ण झालेल्या चित्रात तो हात जमिनीवर आडवा पडला आहे, तळवा उघडा. मूठ राहिली असती तर ते लढ्याचं पोस्टर झालं असतं. ती गेली आणि मेलेली माणसं उरली.

बघणाऱ्याच्या डोळ्यांवर नको ते लादणारे लेख असतात, यावर आपलं एकमत आहे. चित्रात जे दिसतच नाही ते सांगणारा मजकूर वाचला की मलाही राग येतो. म्हणूनच मी सहसा खोडलेलं, मोडलेलं, बदललेलं शोधतो. तिथे कलावंत स्वतः बोललेला असतो आणि तपासायला तुमचे डोळे पुरतात.

एक विनंती आहे. रोंदानिनीच्या फोटोतला तो सुटा हात बोटाने झाका, थोडा वेळ बघा, मग बोट काढा. काय बदललं ते जरूर लिहा. पटलं नाही तर तेही लिहा, मी वाट बघतो.